चंद्रमौळींची रजा

मैलापूर, चेन्नई
६ ऑगस्ट २००६

आक्का,

मामाची भट्टी सोडली म्हणजे मी मामाला सोडलं असं नव्हे, हे तुला आणखी किती पत्रांत लिहू? तू मागच्या पत्रात पुन्हा तेच उगाळलंस. सातवी नापास पोराला मामानं मद्रासला नेलं, सोनं गाळायचा धंदा हातात दिला, आणि पोरगं एका दुपारी जेवणाचा डबा तिथंच टाकून निघून गेलं. डबा टाकला नव्हता. धुऊन पालथा घातला होता. मामानं ते तुला सांगितलेलं दिसत नाही.

साहुकारपेठेतल्या त्या खोलीत मी चार वर्षं तेजाबाचा धूर गिळला. डोळ्यांना धार, आणि समोर मुशीत दुसऱ्याचं सोनं. माझा पाय एका जागी ठरत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. सांगून निघालो असतो तर मामा एक शब्द बोलला नसता, नुसता माझ्याकडं बघत राहिला असता, आणि मी तिथंच बसलो असतो. म्हणून न सांगता निघालो. झालं ते झालं.

इथं बरं चाललंय. या कचेरीतून वीणा, मृदंग, समया असलं सामान परदेशातल्या तमिळ लोकांना जातं. मी झाडतो, कॉफी आणतो, खोकी बांधतो, आणि आतल्या थंड खोलीत राघोत्तमसरांच्या हाताखाली असतो. हे सर तंजावरकडचे मराठी. तीनशे वर्षांमागं यांचे पूर्वज इकडं आले ते इकडचेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, पण कसली मराठी! "संताजी, काम जाहलें काय?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आता हे पोथीच काढतात. भेट कशी झाली माहीत आहे? मी मामाकडून चांदी पोचवायला मैलापुरात आलो होतो. या कचेरीच्या पायरीवर ठेच लागली आणि तोंडातून आपल्या गावची शिवी गेली. ती ऐकून सर धावत बाहेर. "मराठी काय रे तूं?" शिवीवर नोकरी मिळालेला मी जगात एकटाच असेन.

थंड खोलीत एक यंत्र आहे, त्याला मेल सर्व्हर म्हणतात. आपल्या विट्याच्या पोस्टासारखं समज. कचेरीत येणारं-जाणारं सगळं टपाल त्याच्यातून जातं. ते प्रत्येक पत्र फोडतं, आत विष आहे का बघतं, मग ज्याचं त्याला देतं. जुलैत इथला आडी महिना लागल्यापासून त्या यंत्राचं डोकं तापलंय. दुपार झाली की गुंगतं. सकाळचं पत्र संध्याकाळी पोचतं. सर दिवसभर त्याच्यापुढं बसून असतात. "संताजी, यांस काय जाहलें कळेना," असं म्हणतात, आणि मी मान हलवतो, जसं मला कळलंय.

मामाला माझा नमस्कार कळव. गणपतीला जमणार नाही, काम आहे. सुट्टी मिळाली की येतो. नेहमीचे आठशे मनिऑर्डरनं पाठवलेत.

संताजी

●

लेंगरे, ता. खानापूर
१९ ऑगस्ट २००६

चि. संताजीस आशीर्वाद.

डबा धुऊन पालथा घातला होतास हे वाचून धन्य झाले. सत्कार ठेवते ग्रामपंचायतीत.

मामाला नमस्कार कळव म्हणतोस. अरे, तू मैलापुरात, तो साहुकारपेठेत. मध्ये एक बस. आणि तुझा नमस्कार आधी लेंगऱ्याला येणार, इथून परत मद्रासला जाणार? हा कुठला रस्ता? त्याचा खोकला हटत नाही असं गावची पोरं सांगतात. तो स्वतः काही लिहीत नाही. त्याच्या तोंडून कधी शब्द निघालाय? आई गेली तेव्हा आपण दोघं उघड्यावर होतो. तेव्हाही तो काही बोलला नाही, नुसती बैलगाडी घेऊन आला आणि आपल्याला बसवलं.

तुझं पाकीट आलं की फोडायच्या आधी मी तुझ्या दाजींना सांगते, "आत लिहिलंय, काम आहे, सुट्टी मिळाली की येतो." फोडावं तर तेच. दाजी हसतात. मला हसू येत नाही. ते वाक्य तू एकदा छापूनच का घेत नाहीस? शाई तरी वाचेल.

पाटलांच्या घरी फोन करशील तर तिथं सगळं घर कान टवकारून बसतं, म्हणून पत्रच लिही. आणि एक सांग, त्या यंत्राचं डोकं तापलंय म्हणतोस आणि ठेवलंय थंड खोलीत. मग त्याला आणखी काय पाहिजे?

तुझी
राजसआक्का

●

मैलापूर
१० सप्टेंबर २००६

आक्का,

छापून घे म्हणालीस ते लागलं. असू दे.

एका बसचं म्हणतेस. ती बस मंदिराच्या तळ्याजवळून सुटते. मी रोज तिच्या पाठीवरची पाटी बघतो. चढायला पाय उचलत नाही, त्याला काय करू?

यंत्राचं ऐक. त्याच्या डोक्याला प्रोसेसर म्हणतात. ते किती राबतंय हे पडद्यावर एका रेघेवरून कळतं. एरवी ती रेघ सापासारखी तळाशी सरपटते. आता दुपार झाली की जी वर चढते ती छताला टेकूनच बसते. सरांनी करायचं काही बाकी ठेवलं नाही. आधी म्हणाले विषाणू शिरला. सगळं तपासलं, नाही निघाला. मग म्हणाले बाहेरून कचरा टपाल येतंय, औषधांचं, लॉटरीचं. ते अडवलं. रेघ तिथंच. यंत्रात जादा मेमरी बसवली. मला मागच्या पंख्यातली धूळ काढायला लावली, तो पंखा मी भट्टीच्या भात्यासारखा साफ केला. रेघ तिथंच. बंद करून चालू केलं की दुपारपर्यंत बरं, मग पुन्हा तेच.

इथं मालकाला मुदलाळी म्हणतात. आमचा मुदलाळी तसा भला माणूस, पण टोरांटोच्या एका गिऱ्हाइकानं वीणा का आली नाही म्हणून पुन्हा पुन्हा लिहिलं आणि ती पत्रं याला पोचलीच नाहीत. मोठी मागणी हातची गेली. त्यानं सरांना सगळ्यांसमोर सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघा. नाही जमलं तर बाहेरची कंपनी बोलावतो, तुम्ही घरी आराम करा." आराम म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. सर टायपिस्ट म्हणून लागले होते, बघून बघून यंत्र शिकले. या वयात त्यांना दुसरीकडं कोण घेणार? ते गेले तर मला मराठीत हाक मारणारं इथं कोणी उरणार नाही.

आता जे लिहितोय ते दाजींनाही सांगू नकोस.

येणारं-जाणारं सगळं यंत्र स्वतः नोंदवून ठेवतं. परवा सर त्या नोंदी उघडून बसले होते, मी कॉफी घेऊन गेलो. इंग्रजी मला अक्षर जुळवून येतं. बघतो तर ओळीमागून ओळ एकच नाव. चंद्रमौळी. पान खाली सरकतंय आणि तेच नाव. सरांनी मला बघितलं आणि पडदा मिटवला.

चंद्रमौळी म्हणजे परदेशचा पत्रव्यवहार बघणारे मोठे साहेब. सरांच्या शेजारचं टेबल. मला 'मराठा तंबी' म्हणायचे, तंबी म्हणजे धाकटा भाऊ. दोघं एकाच डब्यातला दहीभात खायचे. ते फेब्रुवारीत वारले, आक्का. टेबल अजून रिकामं आहे.

आणि त्यांच्या नावानं रोज हजारांनी पत्रं बाहेर जातायत. सर सकाळी सगळ्यांच्या आधी येतात, ती पत्रं पुसतात, यंत्र चालू करतात, आणि मुदलाळीला म्हणतात, "कारण सापडत नाही." कारण त्यांना सापडलंय. ते खोटं बोलतात.

न राहवून मी विचारलं, "सर, चंद्रमौळीसरांच्या नावानं कोण लिहितं?" सरांनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "संताजी, ते रजेवर आहेत."

एवढंच. मी काय करू?

मामाला बरं असेलच. सुट्टी मिळाली की येतो. आठशे पाठवलेत.

संताजी

●

लेंगरे
२० सप्टेंबर २००६

चि. संताजी,

रजेवर! मेलेला माणूस रजेवर!

हे बघ, मला यंत्रातलं कळत नाही, माणसांतलं कळतं. आपल्या गावात मेलेल्या माणसाच्या कार्डावर रॉकेल उचलणारे कोण होते, आठवतंय ना? तेही देवमाणूस म्हणूनच मिरवत होते. जो मेलेल्याच्या नावानं लिहितो तो काहीतरी लपवतो. तुझे सर चांगले असतील, पण उद्या भानगड बाहेर आली की मोठे सुटतात आणि झाडू मारणारा सापडतो. खोलीत दुसरं कोण असतं? तू.

ज्याचं मीठ खातोस त्यानं विचारलं तर खरं सांग. आपण होऊन चहाडी करू नकोस, पण विचारल्यावर तोंडात गुळणी धरू नकोस. एकदा न बोलता निघालास, त्याचं काय झालं ते अजून निस्तरतोयस. या वेळी बोल.

दसरा आला. मामाला सोनं द्यायला तरी जा. आपट्याची पानं तिथं मिळत नसतील तर कुठल्याही झाडाची ने. जन्मभर सोनं गाळलेला माणूस आहे तो, पानावरून भांडणार नाही.

तुझी
आक्का

●

मैलापूर
६ ऑक्टोबर २००६

आक्का,

बोललो. तू म्हणालीस तसं बोललो.

इथं दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा असते. आपल्याकडं खंडेनवमीला नांगर-कोयता पुजतात तशी. कचेरीतल्या एकूण एक यंत्राला गंध-कुंकू, झेंडूची माळ, पुढं चुरमुरे आणि गूळ. त्या दिवशी हत्यारांनी काम करायचं नाही, म्हणून सगळी यंत्रं बंद. नुसता मेल सर्व्हर चालू, कारण परदेशात कसली आयुधपूजा? सरांनी त्याला स्वतः गंध लावलं. पूजेला मुदलाळीनं एका पोरसवदा इंजिनिअरलाही बोलावलं होतं, कार्तिकेय नावाचा. दिवाळीनंतर येणारी बाहेरची कंपनी म्हणजे तोच.

आरती झाली, प्रसाद झाला. सगळे थंड खोलीच्या दारात उभे. रेघ छताला. कार्तिकेयनं सहज विचारलं, "याला हात कोण कोण लावतं?" मुदलाळीनं माझ्याकडं बघितलं. "तंबी, तू इथंच असतोस. सांग."

तुझं पत्र माझ्या खिशात होतं. पण देवाशपथ, मी सरांच्या बाजूनंच बोललो. म्हटलं, "सरांशिवाय कोणी नाही. आणि सर काही बिघडवत नाहीत. उलट रोज सकाळी येऊन चंद्रमौळीसरांची पत्रं साफ करतात, म्हणून तर दुपारपर्यंत चालतं."

माझ्या मोडक्या तमिळमध्ये बोललो. पण नाव सगळ्यांना नीट कळलं.

मुदलाळीच्या हातात गूळ होता तो तसाच राहिला. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते यंत्राच्या माळेतलं एक फूल सरळ करत राहिले.

कार्तिकेय बसला आणि चुरमुरे खाऊन व्हायच्या आत त्यानं सगळं शोधून काढलं. मला त्यानं समजावून सांगितलं ते असं. यंत्रातली चंद्रमौळीसरांच्या नावाची टपालपेटी बंदच केलेली नव्हती. इस्पितळात जाताना त्यांनी स्वतः एक उत्तर लिहून ठेवलं होतं. जो कोणी पत्र पाठवेल त्याला ते आपोआप जायचं. 'मी काही दिवस रजेवर आहे. परत आलो की सविस्तर लिहीन.' असं उत्तर एका माणसाला आठवड्यातून एकदाच जावं अशी यंत्रात सोय असते. ती सोय कोणीतरी काढून टाकली होती. कोणीतरी म्हणजे सरांनी. मग काय, सिंगापूरला माल वाहणारी एक कंपनी रोज दुपारी मालाची खबर पाठवते, तिच्या यादीत चंद्रमौळींचा पत्ता होता. आडी महिन्यात त्या कंपनीनंही नवं यंत्र बसवलं, तेही आपोआप बोलतं. 'आपले पत्र मिळाले.' इकडून 'रजेवर आहे.' तिकडून 'आपले पत्र मिळाले.' इकडून 'रजेवर आहे.' माणूस कोणी नाही, दोन्हीकडून नुसती उत्तरं. प्रत्येक पत्राच्या पोटात मागचं सगळं, त्यामुळं पत्र फुगत जाणार, आणि आमचं बिचारं यंत्र प्रत्येक पत्र फोडून विष शोधत बसणार. डोकं फिरणार नाही तर काय?

त्यानं पेटी काढून टाकली. रेघ धपकन खाली आली. सगळे हसले, मीसुद्धा हसलो, आक्का. मग सर दिसले.

मुदलाळी त्यांना हळूच म्हणाला, "राघोत्तमा, तो माझाही माणूस होता. मला विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, ठेव. खोटं का बोललास?" सर म्हणाले, "विचारतां आलें नाही."

दिवाळीनंतर सर नाहीत. शाल घालून निरोप देणार आहेत. मुदलाळीनं मला शर्टाचं कापड दिलं, खरं बोलल्याबद्दल. ते मी शिवायला टाकलेलं नाही.

दसऱ्याला मामाकडं गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? काम आहे. सुट्टी मिळाली की... जाऊ दे.

संताजी

●

लेंगरे
१८ ऑक्टोबर २००६

चि. संताजी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी ते रॉकेलचं लिहायला नको होतं. न बघितलेल्या माणसाला मी इथं चुलीपुढं बसून चोर ठरवलं. तू माझं ऐकलंस, आयुष्यात पहिल्यांदा ऐकलंस, आणि तेही नेमकं हे.

तुझ्या सरांच्या घरी जा. काय बोलायचं ते सुचणार नाही. तरी जा. त्यांनी तसं का केलं, हे तुमच्यापैकी कोणी विचारलंच नाही का?

मामा बरा आहे. त्याची काळजी करू नकोस.

आक्का

●

लेंगरे
१४ नोव्हेंबर २००६

चि. संताजी,

दिवाळी झाली. तुझी मनिऑर्डर आली, पत्र नाही. तुझं पत्र नाही म्हणजे मला आता ते छापील वाक्यसुद्धा मिळेना.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. मामा बरा नाही. तो दसऱ्याच्या तोंडावर इथं आला, तो इथंच आहे. भट्टी गावातल्याच एका पोराला देऊन टाकली. सांगलीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, म्हणाले, तेजाबाच्या धुरानं छाती जाळलीय. आता औषध चालू ठेवायचं आणि बघायचं. "संताजीला लिहू नको, त्याचं काम असतं," असं मामा म्हणाला, म्हणून लिहिलं नाही. तू दसऱ्याला साहुकारपेठेत गेला असतास तर तुला दारात दुसराच कोणी दिसला असता. गेला नाहीस ते एका परीनं बरंच झालं, असं मी स्वतःला सांगते.

तो ओसरीवर बसून असतो. पोस्टमनची सायकल वाजली की मान वर करतो. तुझी जुनी पत्रं मला पुन्हा वाचायला लावतो. यंत्राचं ऐकून त्याला मजा वाटते. "भाता साफ केला म्हणतंय, केलाच असेल," म्हणतो. आणि शेवटी मी वाचते, सुट्टी मिळाली की येतो. मग तो म्हणतो, "येईल." जितक्यांदा वाचते तितक्यांदा म्हणतो.

डब्याचं त्याला मी कधी विचारलं नव्हतं. परवा आपणहून दाजींना म्हणाला, "जाताना डबा धुऊन गेला. पोरगं वाईट नाही."

आक्का

●

मैलापूर
२६ नोव्हेंबर २००६

आक्का,

तुझं पत्र काल मिळालं. त्याच दिवशी सकाळी मी सरांच्या घरी गेलो होतो. आधी ते लिहितो, म्हणजे पुढचं लिहायला हात वळेल.

सरांचं घर मंदिराच्या तळ्यामागच्या गल्लीत आहे. दिवाळीपासून रोज त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचो आणि फुलवालीकडून फुलं घेऊन परत यायचो. तीच शेवटी ओरडली, "रोज फुलं नेतोस, लग्न कधी करतोस?" तिच्या भीतीनं पुढं गेलो. दार सरांच्या बायकोनं उघडलं, सकवारबाई त्यांचं नाव. "हाच काय तो मुलगा?" म्हणाल्या. कॉफी दिली. साखर जास्त घातली होती. मला गोड लागतं हे सरांनी घरी सांगितलेलं असणार.

मी सरांच्या पाया पडलो आणि म्हटलं, "सर, चूक झाली." सर म्हणाले, "बैस. तूं खरेंच बोललास. चूक ती कोठली?"

मग तू विचारलेलं मी विचारलं. एका माणसाला आठवड्यातून एकच उत्तर जावं ही सोय का काढली?

चंद्रमौळींची मुलगी विद्यालक्ष्मी अमेरिकेत असते. बाप गेला तेव्हा ती पोचली नाही. विमान मिळालं, पण सगळं आटोपल्यावर. परत गेल्यावर एक दिवस तिनं बापाच्या पत्त्यावर चार ओळी लिहिल्या, तो नाही हे माहीत असूनच लिहिल्या. आणि तिला उत्तर आलं. 'मी काही दिवस रजेवर आहे. परत आलो की सविस्तर लिहीन.' बापानं स्वतः लिहिलेलं, त्याच्याच शब्दांत. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा लिहिलं, तर उत्तर नाही. तिनं सरांना फोन केला. "अंकल, काल अप्पांनी उत्तर दिलं होतं, आज नाही दिलं." रडत नव्हती, सर म्हणाले. नुसती विचारत होती, पाणी का गेलं असं विचारावं तशी.

तेव्हा सरांनी ती सोय काढली. ती जितक्यांदा लिहील तितक्यांदा उत्तर जावं म्हणून. वर्षश्राद्ध होईतो राहू द्यावं, मग बघू, असं मनाशी ठरवलं. मुलगी रोज लिहायची. सर ती पत्रं कधी उघडायचे नाहीत.

"मग त्या सिंगापूरवाल्यांना तेवढं वगळायचं, सर," मी म्हटलं. सर म्हणाले, "मज तेवढेंच येत होतें रे. सर्वांस उत्तर, नाहीतर कोणासही नाही. दुसऱ्यास विचारावें तर हें सांगावें लागतें. आणि मुदलाळीस काय सांगूं, यंत्र जळतें आहे, कारण एक मुलगी बापास पत्र लिहिते?"

आक्का, मी कार्तिकेयला पूजेच्या दिवशीच विचारलं होतं, सिंगापूरवाल्यांना वगळून असं उत्तर पाठवता येतं का? तो म्हणाला, "एका ओळीचं काम." मी तसं सरांना सांगितलं. म्हटलं, "अजून करता येईल. ते वाक्य तिच्याकडं असेलच, मी कार्तिकेयचे पाय धरतो." सर उठून खिडकीशी गेले. तळ्यातली बदकं ओरडत होती.

"आतां नको," म्हणाले. ज्या दिवशी आयुधपूजा झाली त्याच दिवशी तिनं लिहिलेलं पत्र परत गेलं. यंत्रानं वर शेरा मारला, या पत्त्यावर असा कोणी नाही. तिनं सरांना फोन केला. "अंकल, आज अप्पांचं उत्तर वेगळं आलं."

"तुम्ही काय म्हणालात, सर?"

"म्हणालों, कण्णा, बाळा, अप्पांची रजा संपली."

त्यानंतर तिनं लिहिलेलं नाही. फोनही नाही.

निघताना सरांनी विचारलं, "तुझे मामा साहुकारपेठेंत ना? कैसे आहेत?" मी म्हटलं, "बरे आहेत." आणि खोलीवर आलो तर तुझं पत्र.

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं. 'येईल' म्हणतो, तिथं आलो आणि पुढचं वाचवेना. जिन्यावर बसलो. खालच्या मजल्यावरची म्हातारी येऊन विचारून गेली, काय झालं? तिला सांगण्याएवढं तमिळ मला येत नाही.

डबा मी का धुतला ते तुला सांगतो. उष्टा डबा ठेवून गेलो असतो तर मामाला वाटलं असतं, संध्याकाळपर्यंत येईल. तो जेवायचा थांबला असता. म्हणून धुऊन पालथा घातला. तेवढं त्याला सांगितलं असं मला वाटलं. त्याला ते कळलंसुद्धा. मग तोंडानं सांगायला काय झालं होतं, हे मला अजून कळत नाही.

आज मुदलाळीकडं गेलो आणि सुट्टी मागितली. "किती दिवस?" म्हणाला. मला सांगता येईना. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "जा. यंत्र आता बरं आहे." शर्टाचं कापड मी त्याच्या टेबलावर ठेवून आलो.

मद्रास मेलनं सोलापूर, तिथून एस.टी.नं विटा. माझ्या आधी हे पत्र पोचावं असं वाटतं, म्हणून तिकीट सहा तारखेचं काढलं. पोचलं की मामाला वाचून दाखव. यंत्राचं सगळं वाच, त्याला मजा वाटते. सरांचं वाच. मुलीचं वाचायचं की नाही ते तू ठरव. पण शेवटी नेहमीचं वाक्य नाही, हे त्याला सांग. सुट्टी मिळाली, असं वाच.

सकवारबाईंनी मामासाठी सुंठ-मिऱ्याचा काढा करायला मसाला बांधून दिलाय. दुपारी पुन्हा त्यांच्या दारावर जाऊन मामाचं खरं सांगून आलो, तेव्हा दिला.

तिकिटात गेले, म्हणून या वेळी मनिऑर्डर दीडशेचीच.

संताजी